तीन पावलांची जागा

एकदा एक गोल मारणारा गडी गोलापासून पळू लागला, आणि गंमत अशी की आख्ख्या पेठेत एक सोडून कोणाच्याही ते ध्यानात आलं नाही. उलट आम्ही त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतो. 'आम्ही' असं मुद्दाम म्हणतो. दृष्टांत सांगणारा माणूस एरवी स्वतःला बाहेर ठेवतो आणि ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या चुका दाखवतो. मला ती सोय नाही. ज्या संध्याकाळची ही गोष्ट आहे, त्या संध्याकाळी ओरडणाऱ्यांत मीही होतो.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. तालीम म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे लाल माती आणि लंगोट येतो. आमच्याकडे तालमीत मारुती असतो, आखाडा असतो आणि फुटबॉलचा संघही असतो. दोन पेठांचा सामना लागला की सोयऱ्याधायऱ्यांतलं बोलणं आठ दिवस बंद पडतं. आमची पेठ चिंचवाडा, समोरची दगडवेस. मधे एक रस्ता आणि कोणालाही नीट कारण ठाऊक नसलेलं जुनं वैर.

आमच्या संघाचा गोल मारणारा म्हणजे धैर्यशील इंगवले. तेवीस वर्षांचा, फौंड्रीत पहिल्या पाळीला जाणारा, घरी एकटी आई. दोन मोसम त्याने पेठेला डोक्यावर नाचवलं. मग गेल्या वर्षीचा अंतिम सामना आला. शेवटची पाच मिनिटं, आम्ही एका गोलाने मागे, आणि चेंडू घरंगळत धैर्यशीलच्या पायाशी आला. गोलापासून तीन पावलं. दगडवेशीचा गोलकीपर आडवा पडलेला. समोर नुसती जाळी. शेंबड्या पोरानेही मारला असता असा चेंडू त्याने बाहेर घातला.

आम्ही हरलो. त्याला कोणी मारलं नाही, शिवीगाळही त्या दिवशी फारशी झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दगडवेशीच्या कोपऱ्यावर एक भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर धैर्यशीलचा हसरा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'श्री. धैर्यशील इंगवले यांचे दगडवेस पेठेच्या वतीने हार्दिक आभार.' आमच्या गावाच्या विनोदबुद्धीला तोड नाही हे खरं, पण त्या फ्लेक्सखालून त्याच्या आईला रोज भाजी आणायला जावं लागे. अकरा दिवस तो फ्लेक्स तिथे होता. ती माउली मान खाली घालून जायची आणि मान खाली घालून यायची.

यंदाचा मोसम सुरू झाला. धैर्यशील कसून सरावाला लागला. पाळी सुटली की मैदानावर, रोज शंभर फटके. चेंडू ठेवायचा तीस पावलांवर आणि तिथून तोफेसारखा मारायचा. सामन्यातही तेच. चेंडू मिळाला की लांबूनच असा काही सणसणीत फटका हाणायचा की पायऱ्यांवरची मंडळी उठून उभी राहायची. कधी चेंडू आडव्या दांडीला थडकायचा, कधी गोलकीपर बोटाच्या टोकाने बाहेर काढायचा. "वा रे पठ्ठ्या!" "नशीब न्हाई लेकाचं, दुसरं काय!" पाच सामने झाले. टाळ्या भरपूर पडल्या आणि गोल एकही झाला नाही. बाकीच्या पोरांनी रडतखडत, दोनदा टायब्रेकरवर, संघ अंतिम सामन्यापर्यंत आणला. आणि अंतिम सामन्यात समोर कोण? दगडवेस.

सामना रविवारी होता. बुधवारी तालमीत बैठक बसली. कप्तान अस्लम मुजावर सरळ माणूस, पोटात एक ओठात एक असं नाही. तो म्हणाला, "धैर्या, तुझ्यावर माझा जीव हाय. पर पाच सामन्यांत एक गोल न्हाई. मी पेठेला काय सांगू?"

धैर्यशीलने मान वळवली. त्याने मारुतीशेजारच्या भिंतीकडे बघितलं. त्या भिंतीवर खुंट्या आहेत. आमच्या तालमीची रीत अशी की खेळ सोडणाऱ्याने आपले बूट त्या खुंटीला टांगायचे, आणि एकदा टांगलेले बूट पुन्हा खाली उतरवायचे नाहीत. तो हळूच म्हणाला, "रविवारी खेळवा मला. गोल न्हाई झाला तर सोमवारी माझे बूट तिथं दिसतील."

 तो फुशारकी मारत नव्हता. बूट त्याला टांगायचेच होते, कोणीतरी परवानगी द्यायची तो वाट बघत होता, असं मला त्याच्या आवाजावरून वाटलं.

कोपऱ्यात हिंदुराव वस्ताद बसले होते. कुस्तीचे नव्हे, फुटबॉलचेच. पण तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणायचं ही आमची पद्धत. वय शहात्तर, दात सगळे शाबूत, बोलणं मोजकं. तरुणपणी त्यांनी लांबून मारलेले गोल आमचे वडील हातवारे करून सांगायचे. 'हिंदुराव चुकत नाही' ही पेठेतली म्हणच होती. त्यांचे बूट त्याच भिंतीवर, चामडं वाळून लाकूड झालेले. वस्ताद उठले आणि म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर ये. एकटा येऊ नको. पेठ घेऊन ये."

शुक्रवारी पेठ आली. येणारच होती. अंतिम सामन्याआधीचा सराव म्हणजे आमच्याकडे निम्मा सामनाच. चार-पाचशे माणसं गोलामागच्या दगडी पायऱ्यांवर बसली. सगळ्यांना वाटलं, वस्ताद आता फटक्याचं काही गुपित सांगणार. वस्तादांनी मैदान आखायची पांढरी फक्की मुठीत घेतली, गोलकीपरला हाताने बाजूला घालवलं, आणि रिकाम्या गोलासमोर तीन पावलं मोजून जमिनीवर एक फुली मारली.

"इथं उभा ऱ्हा."

धैर्यशील उभा राहिला. त्याला ती जागा ओळखीची होती, आम्हालाही होती. पायऱ्यांवर कुजबुज झाली.

"आता चेंडू बाहेर मार."

"बाहेर?"

"बाहेर. एकवीस वेळा. चेंडू पायऱ्यांकडं जाईल. तो तूच जाऊन आणायचा. एक जरी आत गेला तर पहिल्यापासनं."

"वस्ताद," धैर्यशीलचा आवाज चिरकला, "सगळी पेठ बघतीय."

"म्हणून तर बोलावलीय," वस्ताद म्हणाले आणि खाली मांडी घालून बसले.

 धैर्यशीलच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला पायरीवरून दिसत होत्या. मग त्याने चेंडू ढकलला. तो खांबाच्या बाजूने बाहेर गेला आणि पायऱ्यांना येऊन लागला. आधी दोघेतिघे हसले, मग सगळेच. धैर्यशील मान खाली घालून चेंडू न्यायला आला, त्याच्या आईसारखाच. "आरं दगडवेसवाल्यांना सांगा, फ्लेक्स काढून ठेवा म्हणावं!" कोणीतरी ओरडलं. दुसरा चेंडू, तिसरा चेंडू. शिट्ट्या सुरू झाल्या. चौथ्याला एकजण म्हणाला, "ह्यासाठी आलो व्हय आम्ही दुकान बंद करून?" मग हसण्याचा राग झाला. एवढी माणसं चिडली की त्यांचं काय होतं हे तुम्ही कधी बघितलं असेल तर मला वर्णन करायला नको. पाचव्या चेंडूला मी स्वतः, चौतीस वर्षं शाळेत नीतिपाठ शिकवलेला माणूस, उभा राहून ओरडलो, "अरे, जनाची नाही तर मनाची तरी लाज धर!" आता आठवलं की मलाच लाज वाटते.

सातवा चेंडू त्याने संतापाने लाथाडला आणि तो सरळ जाळीत गेला. पायऱ्यांवर उपहासाचा जल्लोष झाला. वस्तादांनी फक्त एक बोट वर केलं. "पहिल्यापासनं."

"मला जमणार न्हाई, वस्ताद." त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "रविवारी मला बाहेर बसवा. पर हे नको."

"रविवारचं रविवारी. एक."

अस्लम पुढे झाला. "वस्ताद, पोरगं मोडंल."

"मोडलेलंच हाय. तू मागं सर."

पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा शिव्या, मात्र त्याच शिव्या, नवीन काही नाही. सहाव्या-सातव्याला त्यांचा आवाज उतरला. आठव्या चेंडूला पायऱ्यांवर लग्नाचा विषय निघाला, कोणाचा तरी साखरपुडा मोडला होता. दहाव्याला भडंगवाला आला. चेंडू पायाशी आला की माणसं गप्पा न थांबवता तो पायानेच परत ढकलू लागली. तेरावा चेंडू माझ्याकडे आला. मघाशी ज्याच्यावर मी ओरडलो होतो तोच पोरगा समोर उभा होता, घामाने निथळत.  मी चेंडू उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "पाणी पितोस का रे?" तो म्हणाला, "नको गुरुजी, अजून आठ राहिलेत." आवाज अगदी साधा होता. हिशेब सांगावा तसा.

एकविसावा चेंडू बाहेर गेला तेव्हा निम्म्या पायऱ्या रिकाम्या होत्या. बाहेरच्या गाड्यावर चहाला गर्दी झाली होती. धैर्यशील चेंडू घेऊन फुलीवर येऊन उभा राहिला. फुली आता त्याच्याच पायांनी पुसट झाली होती.

वस्तादांनी विचारलं, "काय झालं?"

"कुठं काय? काही न्हाई झालं."

"नीट सांग. एकवीस वेळा चुकलास. त्याआधी सहा. मग काय झालं?"

त्याने पायऱ्यांकडे बघितलं.  मग म्हणाला, "लोक चहाला गेले."

"एवढंच झालं की न्हाई?" वस्ताद उठून उभे राहिले. "आता माझं ऐक. पाच सामने मी चेंडू बघितला न्हाई, तुला बघितलं. तू तीस पावलांवरनं मारतोस. का? तिथनं चुकला की लोक 'वा रे पठ्ठ्या' म्हणतात. हितनं चुकला की आई-बहीण काढतात. म्हणून तू वाहवा मिळते तिथं बिऱ्हाड केलंस. चेंडू मात्र सारखा हितंच येतोय, आणि हितं कोणी न्हाई. लेका, पाय सगळ्यांना असतात. तुझ्यापेक्षा जोरात मारणारे दगडवेशीत तिघं हायत. पर खरा गोल मारणारा कोण? जिथं चुकल्यावर तोंड दाखवायला जागा ऱ्हात न्हाई, तिथं चुकला तरी पुन्हा जातो, तो. चेंडू वीसदा येत न्हाई, एकदा येतो. पर तुला वीसदा जायला लागतं. हे पायाचं काम न्हाई."

धैर्यशील ऐकत होता. पण अपमान अजून ओला होता. तो तिरीमिरीत म्हणाला, "तुम्ही कधी चुकलात, वस्ताद? आख्खी पेठ सांगते, हिंदुराव चुकत न्हाई. चुकलेल्याचं तुम्हाला काय ठाऊक?"

मला वाटलं, म्हातारा आता भडकणार.  वस्तादांनी हाताला लागलेली फक्की धोतराला पुसली आणि ते चालू लागले.

रविवार उजाडला. उन्हाचा तडाखा, पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नाही. एका बाजूला चिंचवाडा, एका बाजूला दगडवेस, मधे पोलीस. दगडवेशीने तो फ्लेक्स जपून ठेवलेला होता. चौघांनी तो उंच धरला आणि 'हार्दिक आभार, हार्दिक आभार' असा ठेका धरला. धैर्यशीलची आई सामना बघायला येत नसे. त्या दिवशी ती आली होती आणि बायकांच्या पायऱ्यांवर पदर तोंडाला लावून बसली होती. वस्ताद माझ्या शेजारी, हातात शेंगांची पुडी.

खेळ सुरू झाला तसं मला जाणवलं की मी चेंडूकडे बघतच नाही. मी धैर्यशीलकडे बघत होतो. आमच्या पोरांनी बाजूने चढाई केली की तो आत धावायचा, थेट गोलाच्या तोंडाशी, त्या तीन पावलांवर. चेंडू यायचा नाही. तो परतायचा. पुन्हा चढाई, पुन्हा धाव, पुन्हा रिकाम्या पायांनी माघार. बघणाऱ्याला तो बिनकामाचा पळतोय असंच वाटलं असतं.

तिसाव्या मिनिटाला चेंडू आला. अस्लमने डावीकडून घातलेला, जमिनीलगत, नेमका त्या जागी. धैर्यशील तिथे होता. त्याने पाय टाकला आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला.

 दगडवेशीचा आवाज असा उठला की कानठळ्या बसाव्यात. फ्लेक्स नाचू लागला. आमच्या बाजूनेही काय काय उच्चारलं गेलं ते इथे लिहिता येणार नाही. मी वस्तादांकडे बघितलं. ते शेंग सोलत होते. पण दाणे खाली सांडत होते.

मध्यंतर झालं. गोल कोणाचाच नाही. उत्तरार्धात धैर्यशील पुन्हा तेच करू लागला. पासष्टाव्या मिनिटाला दुसरा चेंडू आला, आणि तो गोलकीपरच्या गुडघ्याला लागून उडाला. आता मात्र आमच्याच पायऱ्या पेटल्या. "बदला त्याला! बदला!" माणसं उभी राहून हात फेकत होती. बाहेर बसलेला बदली खेळाडू अंग मोकळं करू लागला. अस्लमने मैदानातून वस्तादांकडे बघितलं. वस्तादांनी मान हलवली, नाही.

त्यानंतरच्या चढाईला मी जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अस्लम बाजूने निघाला. धैर्यशील गोलाकडे वळला नाही. तो बाहेरच्या बाजूला दोन पावलं सरकला, तीस पावलांच्या त्या जुन्या जागेकडे. तिथे मोकळीक होती. तिथून मारलेला चेंडू चुकला असता तरी वाहवा मिळाली असती. शेजारी वस्तादांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. धैर्यशील थांबला. त्याने एकदा त्या फ्लेक्सकडे बघितलं, त्यावरच्या स्वतःच्या हसऱ्या फोटोकडे. आणि मान खाली न घालता आत धावला. चेंडू त्याही वेळी आला नाही. तो परतला, आणि पुढच्या वेळी पुन्हा गेला. त्याच्याही पुढच्या वेळी गेला.

सामन्याची चार मिनिटं उरली होती. आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, पाच-सहा डोकी उडाली, अस्लमच्या कपाळाला लागून तो खाली पडला, कोणाच्या तरी पायात अडकला, सुटला. धुळीत काही दिसेना. एवढंच दिसलं की तीन पावलांवर एकच माणूस आधीपासून उभा होता. चेंडू त्याच्या नडगीवर आपटला. फटका नाही, नेम नाही, काही नाही. आपटला आणि लाजत लाजत रेषेपलीकडे गेला.

इतका कुरूप गोल मी जन्मात बघितला नाही. मी ढसाढसा रडलो.

नंतरचं सगळं नेहमीसारखं. शिट्टी झाली, हलगी कडाडली, गुलालाने मैदान लाल झालं, धैर्यशील माणसांच्या खांद्यांवर. पण तो धडपडून खाली उतरला, आधी आईच्या पाया पडला आणि मग थेट आमच्या पायरीशी आला. तोंड सगळं गुलालाने भरलेलं.

"वस्ताद, गोल काय नीट न्हाई झाला."

"किती वेळा गेलास तिथं?"

"मोजलं न्हाई."

"मी मोजलं. सव्वीस वेळा. चेंडू तीनदा आला." वस्ताद जरा थांबले. मग पुडीचा कागद मुठीत चुरगाळत म्हणाले, "परवा तू एक इचारलं होतंस. मिरजेला एक मैत्रीचा सामना होता, बावन्न वर्षं झाली. बघायला शे-दोनशे माणसं. तीन पावलांवर चेंडू, गोल रिकामा. बाहेर घातला. हितल्या कुणाला ठाऊकसुद्धा न्हाई. पर मला ठाऊक होतं. त्यानंतर मी अकरा वर्षं खेळलो. तीस पावलांवरनं मारायचो. चार-दोन गेले आत, ते लोकांनी ध्यानात ठेवले. हिंदुराव चुकत न्हाई! कसा चुकेल? तिथं परत गेलोच न्हाई मी." त्यांनी रिकाम्या गोलाकडे बघितलं. "ती दोनशे माणसं त्याच सांजेला चहाला गेली असतील, धैर्या. हे परवा तू सांगितलंस तेव्हा मला कळलं."

 पेठेचा सगळ्यांत मोठा नेमबाज अकरा वर्षं घाबरून खेळला होता, हे आजवर पेठेत कोणालाच ठाऊक नव्हतं. मग वस्तादांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि उठले. पायऱ्या उतरले. मैदानाच्या कडेला पायताण काढून ठेवलं आणि गुलाल तुडवत अनवाणी रिकाम्या गोलाकडे निघाले. हलगी थांबली. हजारो माणसं बघत होती, चिंचवाडाही आणि अजून न गेलेली दगडवेसही.

वस्तादांनी गोलापासून तीन पावलं मोजली.

धैर्यशील धावत गेला आणि चेंडू त्यांच्या पायाशी ठेवला. म्हाताऱ्याने धोतर सावरलं, पाय मागे घेतला आणि मारला. चेंडू खांबाला घासून बाहेर गेला.

कोणी हसलं नाही.  हिंदुराव चुकला होता, सगळ्यांदेखत, रिकाम्या गोलावर. वस्ताद वळले, पायऱ्यांकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "चुकला!" आणि हसू लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तेवढ्यात धैर्यशील गोलामागे जाऊन चेंडू घेऊन आला होता. तो त्याने पुन्हा त्यांच्या पायाशी ठेवला, फक्की नव्हती म्हणून टाचेने मातीत फुली मारली आणि म्हणाला, "वस्ताद, पुन्हा."

आता मैदानावर कोणी तीन पावलांवरून चुकलं की माझं तोंड उघडतं, सवय जात नाही. पण मी आधी एवढं बघतो, की तो पुन्हा तिथे जातोय का.